प्रश्नचिन्हापुढे काय लिहायचे?

चहाच्या टपरीपासून सराफाच्या पेढीपर्यंत सगळीकडे गल्ल्यापाशी एक क्यूआर कोड चिकटवलेला असतो. त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीत एका ओळीचा मजकूर साठवलेला असतो. सुरुवातीला 'यूपीआय', मग दोन तिरक्या रेघा आणि 'पे' हा शब्द, मग एक प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे 'पीए', 'पीएन', 'एएम', 'सीयू' अशा छोट्या नावांच्या जोड्या. 'पीए'समोर पैसे घेणाऱ्याचा यूपीआय आयडी, 'पीएन'समोर त्याचे नाव, 'एएम'समोर रक्कम आणि 'सीयू'समोर चलन. टपरीवरच्या छापील कोडमध्ये बहुधा रक्कम नसते, ती आपण टाकतो. मोठ्या दुकानात यंत्राच्या पडद्यावर उमटणाऱ्या कोडमध्ये बिलाची रक्कम आधीच भरलेली असते. फोनमधले ॲप हा मजकूर वाचते, प्रश्नचिन्हापाशी त्याचे दोन भाग करते, '&' या खुणेपाशी जोड्या सुट्या करते आणि '=' च्या डावीकडचे नाव व उजवीकडचे मूल्य घेऊन पैसे देण्याचा पडदा भरून दाखवते. या जोड्यांना यूआरएल पॅरामीटर म्हणतात. यूपीआय २०१६ मध्ये आले. ही रचना त्याच्या कितीतरी आधीपासून वेबवर रुळलेली होती. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि यूआरएल, म्हणजे वेबवरचा पत्ता, कसा लिहायचा याचे प्रमाण डिसेंबर १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मोबाइल ॲप वापरताना हा पत्ता डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नसतोच अशी समजूत होते. समजा, एखाद्या ॲपमध्ये पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या गाड्या शोधल्या. बोट टेकताक्षणी ॲप पत्ता जुळवू लागते: सर्व्हरचे नाव, त्यावरची गाड्या शोधण्याची जागा, प्रश्नचिन्ह, आणि मग कुठून, कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या वर्गाने. हा पत्ता 'गेट' नावाच्या पद्धतीने सर्व्हरकडे जातो आणि गाड्यांची यादी परत येते. 'पोस्ट' नावाची दुसरी पद्धत आहे. तिच्यात पत्ता आखूड राहतो आणि माहिती विनंतीच्या पोटात जाते. पाकिटावर लिहिलेला मजकूर आणि पाकिटातली चिठ्ठी यांत जो फरक, तोच इथे. याशिवाय प्रत्येक विनंतीबरोबर 'हेडर' नावाच्या काही ओळी जातात. विचारणारा कोण, त्याला उत्तर कोणत्या स्वरूपात हवे, हे त्यांत सांगता येते. म्हणजे माहिती ठेवायला तीन जागा झाल्या. त्यांपैकी कोणती गोष्ट कुठे ठेवायची हे ठरवायला डेव्हलपरला एक ओळ पुरते. ती ओळ बहुतेक वेळा सवयीने, आधीच्या प्रकल्पातून उचलून, मुदतीच्या धाकाखाली लिहिली जाते. माझे म्हणणे या एका ओळीबद्दल आहे. पत्त्यात लिहिलेली गोष्ट गुपित राहत नाही आणि पत्ता माहीत असणे म्हणजे अधिकार असणे नव्हे, एवढे मनाशी पक्के धरूनच ती लिहिली गेली पाहिजे. ही बाब निव्वळ तांत्रिक मानून तिच्याकडे काणाडोळा होतो आणि त्याची किंमत ज्याने ती ओळ कधी पाहिलेलीही नसते त्या वापरणाऱ्याला मोजावी लागते.

गुपितांकडे वळण्याआधी हा पत्ता जुळवतात कसा, ते पाहणे गरजेचे आहे, कारण पहिल्या चुका तिथेच होतात. यूआरएलमध्ये रोमन अक्षरे, आकडे आणि मोजक्या खुणाच थेट लिहिता येतात. बाकी सगळे टक्क्याच्या खुणेने सुरू होणाऱ्या तीन-तीन चिन्हांच्या गटांत बदलावे लागते. देवनागरीला याचा भार फार पडतो. यूटीएफ-८ या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर, आणि प्रत्येक काना-मात्राही, तीन बाइट घेते आणि प्रत्येक बाइटची तीन चिन्हे होतात. म्हणजे एका मात्रेला नऊ चिन्हे. 'पुणे' या इवल्याशा शब्दात प, उकार, ण आणि मात्रा असे चार घटक आहेत, त्यांची ३६ चिन्हे होतात, 'नागपूर'ची ५४. मराठी विकिपीडियाचा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांची लांबलचक रांग दिसते ती यामुळेच. ही गैरसोय फक्त दिसण्यापुरती नाही. अपाची हा जगभर वापरला जाणारा वेब सर्व्हर विनंतीच्या पहिल्या ओळीला मुळात ८,१९० बाइटची मर्यादा घालतो. नऊने भागले तर मराठीचे जेमतेम नऊशे घटक त्यात मावतात. महापालिकेकडे करायची तक्रार एखाद्या ॲपने यूआरएलमधून पाठवायचे ठरवले, तर इंग्रजीत लिहिणाऱ्याची तीन-चार पानी तक्रार पोहोचेल आणि मराठीत लिहिणाऱ्याची पहिल्याच पानावर 'पत्ता फार लांब आहे' म्हणून परत येईल. ॲपची चाचणी इंग्रजीत करून ते बाजारात आणले, तर हा दोष बनवणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही.

दुसरी चूक असते पत्ता हाताने जोडण्याची. मजकुराचे तुकडे एकापुढे एक चिकटवले की पत्ता तयार होतो आणि चाचणीत चालतोही. मग एखाद्या दुकानाच्या नावातच '&' येतो आणि सर्व्हर त्या खुणेपाशी नाव तोडून उरलेला भाग नवा पॅरामीटर समजतो. भारतात हमखास घडणारा प्रकार फोन नंबरचा आहे. नंबर '+९१' ने सुरू होतो, आणि वेबवरच्या फॉर्मांच्या जुन्या रिवाजानुसार पॅरामीटरमधल्या '+' चा अर्थ मोकळी जागा असा लावला जातो. अधिकची खूण गळते आणि नंबर जुळत नाही. यातले बरेचसे टाळण्याची साधने तयार आहेत. अँड्रॉइडमध्ये 'यूआरआय बिल्डर' किंवा 'रेट्रोफिट', आयफोनसाठी 'यूआरएल काँपोनंट्स', फ्लटरमध्ये 'यूआरआय' वर्ग. यांना नाव आणि मूल्य वेगवेगळे द्यायचे, बहुतेक बदल ती स्वतः करतात. हाताने जोडलेल्या पत्त्याचा धोका नुसत्या बिघाडापाशी थांबत नाही. वापरणाऱ्याने टाकलेल्या मजकुरात मुद्दाम '&' आणि '=' घालून कोणी नवा पॅरामीटर घुसवू शकतो. एकच नाव दोनदा आले तर काय करायचे यावर सर्व्हरांचे एकमत नाही: पीएचपी शेवटचे मूल्य घेते, जावाची नेहमीची पद्धत पहिले, तर एएसपी डॉट नेट दोन्ही मूल्ये स्वल्पविरामाने जोडते. मधली यंत्रणा एक रक्कम तपासते आणि पुढची दुसरीच वापरते, अशी फट त्यातून तयार होते.

आता मुख्य मुद्दा. पत्ता हा अनेकांनी वाचायचा मजकूर आहे. त्यावाचून विनंती मुक्कामी पोहोचत नाही. म्हणूनच तो वाटेत ठिकठिकाणी उतरवून ठेवला जातो. अपाची आणि एनजिन्एक्स हे दोन्ही लोकप्रिय सर्व्हर आलेल्या प्रत्येक विनंतीची पहिली ओळ, प्रश्नचिन्हापुढच्या सगळ्या मजकुरासकट, लॉगमध्ये लिहितात. पोस्टच्या पोटातला मजकूर ते आपणहून लिहीत नाहीत. सर्व्हरच्या पुढे उभी असलेली भार वाटणारी यंत्रणा आपली वेगळी नोंद ठेवते. ॲप बंद पडले की अहवाल पाठवणारी साधने आणि वापराचा मागोवा घेणारी साधने बऱ्याचदा शेवटच्या काही विनंत्यांचे पत्ते सोबत जोडतात. भारतात तर या नोंदी ठेवणे बंधनकारक आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांना आपल्या संगणकीय यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. तो नियम योग्यच आहे, हल्ल्याचा तपास लॉगशिवाय होत नाही. पण त्याचा अर्थ असा की ज्या ॲपने पासवर्ड, ओटीपी किंवा आधार क्रमांक यूआरएलमध्ये टाकला, त्याने तो किमान सहा महिन्यांसाठी साध्या वाचनीय मजकुरात कायद्याने जपायला लावला. वेबच्या प्रमाणकारांना हे पूर्वीच कळले होते. जून १९९९ च्या एचटीटीपी प्रमाणातच नाजूक माहिती भरायच्या फॉर्मसाठी गेट वापरू नये असे बजावले आहे, आणि जून २०२२ च्या सुधारित प्रमाणातही तो इशारा कायम आहे.

लॉग आमच्याच सर्व्हरवर आहेत, पाहणारी माणसेही आमचीच, मग बिघडले काय, असा प्रश्न येतो. मे २०१८ मध्ये ट्विटरला आपल्या ३३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांना पासवर्ड बदला असे सांगावे लागले, कारण आतल्या एका लॉगमध्ये पासवर्ड उघड्या मजकुरात लिहिले जात होते. मार्च २०१९ मध्ये फेसबुकनेही तशीच कबुली दिली; तिथे कोट्यवधी पासवर्ड कर्मचाऱ्यांना वाचता येतील अशा स्थितीत साठले होते. ही दोन्ही उदाहरणे यूआरएलची नाहीत, पण लॉगची आहेत, आणि मुद्दा तोच आहे. पासवर्डच्या कोठाराला पहारा असतो. लॉगला तेवढा नसतो, कारण त्यात मौल्यवान काही आहे असे कोणाला वाटत नाही. बिघाड शोधणारा अभियंता, बाहेरची कंत्राटी संस्था, आकडेवारी काढणारा विभाग अशा अनेकांच्या हातांतून ते फिरतात.

याहून जास्त वेळा ऐकू येणारा आक्षेप एचटीटीपीएसचा. वाटेतला सगळा मजकूर कुलूपबंद असतो, मग पत्त्यातले कोण वाचणार? यात तथ्य आहे. अँड्रॉइडने २०१८ च्या नवव्या आवृत्तीपासून आणि ॲपलने २०१५ च्या आयओएस ९ पासून उघड्या एचटीटीपीला मुळातच आडकाठी केली आहे. एचटीटीपीएसवर मधल्या माणसाला फार तर सर्व्हरचे नाव कळते. पॅरामीटर कळत नाहीत. पण हे कुलूप फक्त प्रवासापुरते असते. दोन्ही टोकांना ते उघडते आणि गळती होते ती टोकांनाच. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेत याचा ढळढळीत पुरावा मिळाला. आरोग्य विमा निवडण्यासाठी तिथल्या सरकारने चालवलेल्या 'हेल्थकेअर डॉट गव्ह' या संकेतस्थळावर माणूस आपले वय, उत्पन्न, पिनकोड, धूम्रपान करतो की नाही, गरोदर आहे की नाही हे भरत असे, आणि हे सारे यूआरएलच्या पॅरामीटरमध्ये बसत असे. संकेतस्थळ एचटीटीपीएसवरच होते. पण त्या पानावर जाहिरात आणि मोजमाप करणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांचे तुकडे बसवलेले होते. 'मी कोणत्या पानावरून आलो' हे सांगणारे हेडर ब्राउझर त्या कंपन्यांना पाठवत होता, आणि त्यात अख्खा पत्ता होता. असोसिएटेड प्रेसने बातमी दिली, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने तपासून दुजोरा दिला आणि सरकारला घाईने बदल करावे लागले. कुलूप कोणी तोडले नव्हते. गरोदर बाईची माहिती जाहिरात कंपनीपर्यंत पोहोचली ती केवळ प्रश्नचिन्हापुढे लिहिली होती म्हणून. नंतर क्रोमने २०२० मध्ये आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये या हेडरमधून दुसऱ्या संकेतस्थळाला फक्त नाव कळेल, पॅरामीटर कळणार नाहीत, असा मूळ नियम केला. ब्राउझर बनवणाऱ्यांनी आपल्या परीने भोक बुजवले. पत्ते लिहिणाऱ्यांची सवय मात्र त्याने बदलली नाही.

हे सारे ब्राउझरचे झाले, ॲपमध्ये पत्त्याची पट्टीच नाही, मग तिथे काय, असे ॲपवाले म्हणतात. पट्टी दिसत नाही हाच ॲपचा फसवा भाग आहे. आपल्या फोनमधून काय बाहेर जाते हे पाहायला चार्ल्स, बर्प सूट अशी साधने सर्रास मिळतात. फोनच्या मालकाने आपल्याच फोनवर त्यांचे प्रमाणपत्र बसवले की बऱ्याच ॲपच्या विनंत्या उलगडतात, आणि जी ॲप त्याला विरोध करतात ती थोड्या जास्त खटपटीने उलगडतात. जून २०१० मधले आयपॅडचे प्रकरण नेमके हेच सांगते. एटी अँड टी या अमेरिकी कंपनीने आयपॅडवाल्यांना ईमेल पुन्हा टाकावा लागू नये म्हणून सोय केली होती: यूआरएलमध्ये सिमकार्डाचा अनुक्रमांक आला की सर्व्हर त्या ग्राहकाचा ईमेल भरून देई. सर्व्हर एवढेच पाही की विनंती आपण आयपॅडकडून आलो असे सांगते की नाही, आणि असे सांगणे कोणत्याही संगणकाला एका ओळीत जमते. अनुक्रमांक अंदाजाने बनवता येत होते. एक छोटा प्रोग्रॅम आकडे बदलत गेला आणि सुमारे १,१४,००० ईमेल पत्ते बाहेर आले. आपल्याकडे मार्च २०१७ मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या पश्चिम आणि दक्षिण भारतातल्या 'मॅकडिलिव्हरी' ॲपबाबत फॉलिबल या सुरक्षा कंपनीने असेच दाखवून दिले. ग्राहकांना क्रमाने चढते आकडे दिलेले होते आणि माहिती देणारा सर्व्हर, हा आकडा विचारणारा माणूस तोच आहे का, हे विचारत नव्हता. सुमारे २२ लाख लोकांची नावे, पत्ते, ईमेल आणि फोन नंबर त्यामुळे कोणालाही मिळवता येत होते.

या दोन प्रकरणांतून आधी सांगितलेल्या तत्त्वाचा दुसरा अर्धा भाग पुढे येतो. पत्ता 'कोणती वस्तू हवी' हे सांगतो. 'ती मागण्याचा हक्क कोणाला' हे त्याला सांगता येत नाही. जून २०११ मध्ये उघड झाले की सिटी बँकेच्या अमेरिकेतल्या क्रेडिट कार्ड संकेतस्थळावर चोरांनी आधी रीतसर लॉगिन केले आणि मग पत्त्यातला खाते क्रमांक बदलला. दुसऱ्याचे खाते उघडले. सुमारे ३,६०,००० खात्यांची माहिती गेली. मे २०१९ मध्ये फर्स्ट अमेरिकन या मालमत्ता व्यवहारांतल्या कंपनीबाबत तेच उघड झाले: दस्तऐवजाच्या दुव्यातला आकडा एकने कमी-जास्त केला की दुसऱ्याच कोणाचे कागद दिसत, आणि त्यासाठी लॉगिनचीही गरज नव्हती. सुमारे ८८ कोटी ५० लाख नोंदी अशा उघड्या होत्या. आठ वर्षांच्या अंतराने दोन मोठ्या वित्तीय संस्थांनी एकच चूक करावी याचे कारण बुद्धीची कमतरता असू शकत नाही. पत्ता आपल्याच प्रोग्रॅमने बनवला, म्हणजे त्यातला आकडा बरोबरच असणार, असा एक नकळत विश्वास त्यामागे असतो. सर्व्हरच्या दृष्टीने मात्र येणारा प्रत्येक पॅरामीटर हा अनोळखी माणसाने लिहिलेला मजकूर आहे आणि प्रत्येक वेळी तो तपासायलाच हवा.

यावर सुचवला जाणारा तोडगा असा: क्रमाचे आकडे नकोत, लांबलचक यादृच्छिक अक्षरे वापरा, कोणाला अंदाजच करता येणार नाही. हा उपाय चांगला आहे, पण अर्धाच. 'दुवा असलेल्या कोणालाही' फाइल पाहू देणारे गूगल ड्राइव्ह याच तत्त्वावर चालते, आणि २०२१ मध्ये गूगलने जुन्या फाइलींच्या दुव्यांमध्ये आणखी एक गुप्त पॅरामीटर घालून ते अधिक घट्ट केले. अंदाज करणाऱ्याला यामुळे खीळ बसते. पण दुवा फॉरवर्ड होतो, एखाद्या गटात पडतो, शोधयंत्राच्या हाती लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये व्हॉट्सॲपच्या गटांची निमंत्रणे गूगलच्या शोधात सापडू लागली होती. त्या दुव्यांतली अक्षरे कोणीही ओळखू शकले नसते. ती ओळखायची वेळच आली नाही, कारण लोकांनी ती उघड्यावर चिकटवलेली होती. लग्नाचे फोटो किंवा सोसायटीची सूचना वाटायला असा दुवा पुरेसा आहे. रुग्णाचा अहवाल किंवा विद्यार्थ्याची गुणपत्रिका त्याच्या भरवशावर सोडता येत नाही.

मग सगळेच पोस्टने पाठवावे का? घाबरलेले प्रकल्प असा फतवा काढतात आणि तेही नुकसानच करतात. गेटचा मोठा गुण असा की त्याने जगात काही बदलत नाही, फक्त विचारणा होते, असे प्रमाणाने ठरवून दिले आहे. त्यामुळे खंडाळ्याच्या बोगद्यात नेटवर्क तुटले तर ॲप तीच विनंती निर्धास्तपणे पुन्हा पाठवू शकते. पोस्टने दिलेली ऑर्डर तशी परत पाठवली तर जेवणाचे दोन डबे दारात येतील. गेटचे उत्तर फोनमध्ये साठवून ठेवता येते, डेटा वाचतो, पडदा लवकर उघडतो. शोधाचे शब्द, पान क्रमांक, भाषा, गावाचे नाव, क्रमवारी यांची योग्य जागा पत्त्यातच आहे. शिवाय पोस्टने काही लपत नाही. एचटीटीपीएस नसेल तर पोटातला मजकूरही वाटेत वाचता येतो. उलट, गेटने बदल घडवून आणणे किती महाग पडते हे मे २००५ मध्ये दिसले. पाने लवकर उघडावीत म्हणून गूगलने 'वेब ॲक्सिलरेटर' नावाचा प्रोग्रॅम काढला. तो पानावरचे दुवे आधीच उघडून ठेवी. काही सेवांमध्ये 'काढून टाका' हाही एक साधा दुवाच होता. प्रोग्रॅमने तोही उघडला आणि लोकांच्या नोंदी नाहीशा झाल्या. आज तोच धोका ईमेलमधले दुवे आधी तपासून पाहणाऱ्या सुरक्षा यंत्रणांमुळे आहे: 'मंजूर करा' हा दुवा माणसाआधी यंत्र उघडते.

आता राहिल्या किल्ल्या आणि टोकन. गूगल मॅप्ससुद्धा आपली 'की' यूआरएलमध्येच मागते, मग आम्ही का नको, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की ती की कोणता ग्राहक विचारतो आहे एवढे ओळखण्यासाठी असते, आणि ती आपल्याच ॲपच्या नावाला आणि सहीला बांधून ठेवा असे गूगल स्वतः सांगते. ज्या किल्लीने पैसे कापले जातात किंवा संदेश जातात तिची गोष्ट वेगळी. घाऊक एसएमएस पाठवणाऱ्या अनेक सेवांनी वर्षानुवर्षे वापरकर्ता नाव, पासवर्ड, फोन नंबर आणि संदेश हे चारही एकाच यूआरएलमध्ये मागितले. ती यूआरएल सर्व्हरवर असली तरी प्रत्येक ओटीपी आणि त्याच्याशेजारी तो कोणाचा याचा नंबर लॉगमध्ये उमटतो. ती थेट ॲपमध्ये लिहिली तर ॲपची फाइल उलगडून पाहणारा कोणीही तुमच्या नावाने बँकेचे वाटावेत असे संदेश गावभर पाठवू शकतो. लॉगिननंतर मिळणाऱ्या टोकनासाठी हेडरची सोय आहे. ऑक्टोबर २०१२ च्या टोकनविषयक प्रमाणाने यूआरएलची वाट पूर्ण बंद केली नव्हती, पण ती टाळा असे तेव्हाच सांगितले होते. पासवर्ड बदलण्याच्या दुव्यात मात्र गुपित पत्त्यातच घालावे लागते, कारण ईमेलमधल्या दुव्यातून हेडर पाठवता येत नाही. तिथे उपाय आयुष्य कमी करण्याचा आहे: दुवा काही मिनिटांचा, एकदाच चालणारा, आणि बटण दाबल्यावरच काम करणारा. ॲमेझॉनच्या साठवण सेवेत फाइलसाठी सही केलेले तात्पुरते दुवे बनवता येतात, त्यांनाही जास्तीत जास्त सात दिवसांची मुदत आहे.

या कसोटीवर यूपीआयचा दुवा पुन्हा पाहिला, तर त्याची आखणी किती विचारपूर्वक केली आहे ते कळते. पैसे कोणाला आणि किती, हे पत्त्यात आहे, कारण ते सगळ्यांना दिसले तरी चालते. पिन त्यात नाही. दुवा उघडल्याने पैसे जात नाहीत. नाव दिसते, रक्कम दिसते आणि मग सहसा पिन विचारला जातो. दुकानाच्या कोडवर आपला कोड चिकटवणारा ठग जिंकतो तो फक्त गिऱ्हाईकाने पडद्यावरचे नाव न वाचता व्यवहार मंजूर केला तर. गर्दीत नाव वाचायला सवड नसते हे खरे, म्हणून ही रचना ठगाला पुरती अडवू शकत नाही. पण खाते रिकामे करण्याची ताकद त्या कागदी चौकटीत नाही आणि त्यामुळेच ती रस्त्यावर उघडी टांगता येते.

शेवटची अडचण काळाची आहे आणि ती मोबाइललाच जास्त भोवते. संकेतस्थळातली चूक रात्रीतून दुरुस्त होते, सकाळी सगळ्यांना नवे पान मिळते. ॲप लोकांच्या फोनवर बसलेले असते. जागा कमी, डेटा मोजका, फोन जुना, म्हणून कित्येक जण वर्षानुवर्षे ते अद्ययावत करत नाहीत. टोकन यूआरएलमधून पाठवणारी आवृत्ती एकदा बाहेर गेली की ती चालवणारा शेवटचा फोन बंद पडेपर्यंत सर्व्हरला ती वाट उघडी ठेवावी लागते, नाहीतर त्या माणसाचे ॲपच बंद पडते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्या तारखांकडे पाहून कामाला लागणाऱ्या कंपन्यांनी नव्या आवृत्तीबरोबर जुन्या लॉगकडेही पाहिले पाहिजे. वाट बदलली तरी आधी उतरवलेले पत्ते तिथेच असतात. ते पुसायचे की झाकायचे, कोणती टोकने रद्द करायची आणि कोणत्या ग्राहकांना कळवायचे, हे काम नवा कोड लिहिण्याहून मोठे आहे.